घर, चर्च आणि शाळा : मुलाच्या शिक्षणावर पहिला हक्क कोणाचा?

पुण्याच्या कोथरूड उपनगरात आज एखाद्या कॅथलिक आईवडिलांनी ठरवले की आपली मुले शाळेत घालायची नाहीत, घरीच शिकवायची, तर त्यांना तिघांना उत्तर द्यावे लागते. पहिले सरकार. दुसरे चर्च. तिसरे उत्तर त्या मुलांना द्यायचे असते, पण ते मागायला मुले लहान असतात आणि मागायच्या वयाची होईपर्यंत शिक्षण बरेचसे उरकलेले असते.

सरकारचे म्हणणे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले. घरी शिकवण्याचे नाव या कायद्यात नाही. घरी शिकवणाऱ्या पालकाला तुरुंगात घालण्याची तरतूदही त्यात नाही. या मोकळ्या जागेत अनेक कुटुंबे आपला मार्ग काढतात. कोणी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देतात, कोणी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या. जुन्या पिढीला ठाऊक असलेला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावीला बसण्याची वाटही आहेच.

चर्चचे म्हणणे अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की कॅथलिक म्हणजे शाळा हे समीकरणच होऊन बसले. पुण्यात सेंट व्हिन्सेंट्स १८६७ पासून आहे, पाषाणची लॉयोला १९६१ पासून. या शाळांच्या प्रवेशासाठी कॅथलिकांपेक्षा इतरांचीच धडपड अधिक दिसते. पण रोमच्या अधिकृत शिकवणीत मुलाचा पहिला शिक्षक शाळा नाही, धर्मगुरूही नाही, आईवडील आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. १९८३च्या धर्मसंहितेत ७९३ क्रमांकाच्या कलमात शिक्षण देणे हे पालकांचे कर्तव्य आणि हक्क असे दोन्ही सांगितले आहे.

ही शिकवण शांतपणे जन्मली नाही. १९२२ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जनमताने असा कायदा झाला, की ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. त्यामागे कॅथलिकांविषयीचा द्वेष होता. कू क्लक्स क्लॅनचा या कायद्याला उघड पाठिंबा होता. शाळा चालवणाऱ्या एका कॅथलिक भगिनी संघाने न्यायालयात धाव घेतली आणि १९२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. मूल ही सरकारची निर्मिती नव्हे, त्याला वाढवणाऱ्यांना त्याच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. पुढे १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावर परिपत्रक काढले तेव्हा या निकालाचा आवर्जून आधार घेतला. तेव्हा इटलीत मुसोलिनीचे राज्य होते आणि मुलांवर पहिला ताबा राष्ट्राचा, अशी भाषा चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहाचा अर्थ कळतो. पुढे अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या पालकांनी याच निकालाचा दाखला दिला.

पण या हक्काला चर्चने स्वतःपुरती एक अट ठेवलेली होती. १९१७च्या जुन्या धर्मसंहितेत कॅथलिक मुलांना कॅथलिकेतर किंवा मिश्र शाळेत पाठवायला मनाई होती. पाठवायचेच तर बिशपची परवानगी लागे. म्हणजे सरकारसमोर पालकाचा हक्क पहिला, पण चर्चसमोर तितका पहिला नाही. ही गाठ पुस्तकातली वाटते. पुण्याशी नाते असलेल्या एका आईला मात्र ती एकोणिसाव्या शतकातच आपल्या हाताने सोडवावी लागली होती. तिच्याकडे जाण्याआधी मराठी ख्रिस्ती घरातली शिकवण कशी होती ते पाहू.

दोत्रीन आणि पुराण

गोव्यात आणि वसईत शिक्षणाची दोन ठिकाणे सुरुवातीपासून होती. एक चर्च, जिथे मुलांना ‘दोत्रीन’ म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली जाई. दुसरे घर. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. ते मराठी ओवीत का लिहिले याचे कारण ग्रंथातच येते. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. नुसत्या दोत्रीनीने त्यांचे भागत नव्हते. ऐकायला, म्हणायला, मुलांच्या कानावर पडायला काहीतरी हवे होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण चर्चप्रमाणे घरांतूनही वाचले गेले आणि १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले.

घर ही शाळा किती चिवट असते हे पुढच्या इतिहासाने दाखवले. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मान कागदावर राहिले, स्वयंपाकघरात कोकणीच बोलली गेली. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांची दोनशे वर्षांची सत्ता संपली. युरोपियन मठवासी निघून गेले, त्यांच्या संस्था बंद पडल्या. तरी वसईचा ख्रिस्ती समाज टिकला, त्याची बोली टिकली. उरलेल्या देशी पाद्र्यांइतकेच त्याचे श्रेय संध्याकाळच्या रोझरीला आणि मुलांना गुडघे टेकायला शिकवणाऱ्या आज्यांना आहे. त्यांच्यापैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नसणार. पण एक पिढी दुसऱ्या पिढीला काय देते ते ठरवण्याचे काम त्यांनी केले.

या घरगुती शिकवणीचे सामर्थ्य तिच्या सातत्यात होते, आणि मर्यादाही तिथेच होती. जे आजीला ठाऊक तेच नातीला मिळे. त्याबाहेरचे जग, विशेषतः मुलीला, घर देऊ शकत नव्हते. ते देणारे घर एखादेच. तसे एक घर ख्रिस्ती नव्हते, ते सह्याद्रीच्या जंगलात होते.

गंगामूळची शाळा

अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यात जात. बाई संस्कृत श्लोक म्हणते हे तरुण अनंतशास्त्र्यांनी तिथे पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे मनाशी घेतले. पहिल्या संसारात घरच्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवले. त्यावरून उडुपीला पंडितांसमोर जाब द्यावा लागला आणि त्यांनी शास्त्राधारे तो दिलाही. मग गंगामूळच्या रानात त्यांनी बिऱ्हाड केले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाईंना शिकवले ते आईने. वडील तोवर थकले होते. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हा अभ्यास चालला. दिवसभर घरचे काम आणि आल्यागेल्याचे करण्यात जाई, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे पाखरे बोलू लागण्याच्या वेळी मुलीला जवळ घेऊन जागे करीत आणि पाठ देत. पुढे कुटुंब यात्रेला निघाले, तेव्हाही रस्त्यात हा पाठ सुटला नाही. भागवतापासून व्याकरणापर्यंतचे सगळे असे तोंडी मुखात बसले. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तेव्हा तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एकाही शाळेची पायरी न चढलेली ही बाई होती.

घरी शिकवण्याच्या बाजूने यापेक्षा मोठा दाखला मराठी मुलखात सापडणार नाही. पण स्वतः रमाबाईंनी त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. आपल्याला मिळालेले घर अपवाद आहे, हे त्यांना पक्के कळले होते. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. लक्ष्मीबाईंसारखी आई प्रत्येक घरात नसते. म्हणून शाळा हवी.

वाँटेजचा वाद

१८८२च्या फेब्रुवारीत रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले होते. पदरी वर्षाची मुलगी मनोरमा. पुण्यात पंचहौदला इंग्लंडच्या वाँटेज गावच्या भगिनींचा मठ होता. या भगिनी रोमन कॅथलिक नव्हत, अँग्लिकन होत्या. पण त्या अँग्लिकनांतल्या कॅथलिक वळणाच्या. मठ, व्रते, कबुलीजबाब, पाद्र्याचा अधिकार हे सगळे त्यांच्याकडे होते. पुणेकरांना पंचहौद आठवते ते १८९०च्या चहामुळे, ज्यावरून रानडे-टिळकांना प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. त्याच्या सात वर्षे आधी, १८८३ साली, याच भगिनींच्या मदतीने रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकू आणि शिकवू लागल्या. मनोरमा कधी आईपाशी, कधी वाँटेजला भगिनींपाशी. भगिनी जेराल्डीन ही रमाबाईंची धर्मातली आई; रमाबाई तिला पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध झाला. एका चार वर्षांच्या पोरीच्या शिक्षणावरून दोन बायकांनी इतक्या तळमळीने भांडलेले मराठी माणसाच्या इतिहासात दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

जेराल्डीनचे म्हणणे सरळ होते. बाप्तिस्मा झाला म्हणजे मूल चर्चचे झाले. चर्च जे मानते ते त्याला लहानपणापासून शिकवायचे, आणि ते काय हे ठरवायला धर्माधिकारी आहेत. नवी ख्रिस्ती झालेली आई, जिला त्रैक्याचा सिद्धान्तच अजून पटलेला नाही, ती कशी ठरवणार? रमाबाईंचे म्हणणेही सरळ होते. मी ख्रिस्ताला मानते, पण जे मला बायबलमध्ये दिसत नाही ते मी म्हणणार नाही. आणि जे मी मानत नाही, किंवा जे तिला समजण्यासारखे नाही, ते माझ्या मुलीच्या तोंडी घालू देणार नाही. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान काढली, ती तसल्याच दुसऱ्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, या आशयाचे त्यांनी १८८५ साली जेराल्डीनला लिहिले. जेराल्डीनला हा हट्ट आणि गर्व वाटला. रमाबाईंच्या शाकाहारातही तिला जातीचा उरलेला अहंकार दिसत होता.

इथे विसरून चालणार नाही, की रमाबाई या भगिनींच्या उपकाराखाली होत्या. परका देश, विधवापण, हाताशी पैसा नाही. मुलगी सांभाळायला तीच माणसे. अशा स्थितीतही त्यांनी आपला हक्क सोडला नाही, पण नातेही तोडले नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि कामाचा व्याप वाढल्यावर मनोरमेला पुन्हा वाँटेजलाच पाठवावे लागले. हक्क आईचा, पण वेळ आणि पैसा दुसऱ्यांचा, ही अडचण घरी शिकवू पाहणाऱ्या आजच्या कुटुंबालाही नवी नाही.

आईवडील हे पहिले शिक्षक, हे वाक्य रोमने १९६५ साली जाहीरनाम्यात लिहिले. रमाबाईंनी ते ऐंशी वर्षे आधी चर्चच्या आत राहून, चर्चच्याच विरुद्ध वापरले होते.

शारदा सदनचे उघडे दार

गोष्ट इथे संपली असती तर रमाबाईंचा विजय म्हणून सांगता आली असती. पण भारतात परतल्यावर फासा उलटा पडला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेल्या या निवासी शाळेत धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण आणायचे नाही, असा करार होता. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळात होते ते या भरवशावर. रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या.

पुण्यात काहूर उठले. ‘केसरी’ने सदनावर झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी, की मी कोणाला बोलावत नाही. पण माझ्या घरात, माझ्या खोलीत, माझी प्रार्थना लपवून का करू? पालकांची बाजू अशी, की मुली आमच्या, त्यांच्या धर्माचा निर्णय तुम्ही कोण घेणार?

हा प्रश्न आठ वर्षांपूर्वी रमाबाईंनीच जेराल्डीनला विचारलेला होता. आता त्या जेराल्डीनच्या जागी होत्या, आणि पुण्याचे पालक त्यांच्या. एक फरक मात्र दुर्लक्षू नये. मनोरमा चार वर्षांची होती. सदनातल्या कित्येक विधवा जाणत्या वयाच्या मुली होत्या. ज्या घरांनी त्यांच्यावरचा हक्क सांगितला त्यांपैकी काही घरांनीच त्यांचे केशवपन केले होते, त्यांना कोपऱ्यात बसवले होते. पालकाचा हक्क खराच, पण तो मुलीला पुन्हा त्या कोपऱ्यात नेण्याचाही हक्क होता का? रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनाही याचे उत्तर सोपे गेले नाही. शब्द मोडला गेला असे त्यांना वाटले, आणि ते निघून गेले.

हिंगण्याचा माळ

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत देवरुखच्या जोशांची मुलगी गोदूबाई होती. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बहिणीला भाऊ नरहरपंतांनी सदनात घातले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात शिकून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. सदनात जाणे म्हणजे धर्म बुडणे, या समजुतीला हे घरातले उत्तर होते.

कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर हलवला. जागा आणि झोपडीपुरते पैसे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिले होते. शहरातून रोज पायी ये-जा करून कर्वे तिथे शिकवीत. शारदा सदनाचा धडा त्यांनी घेतला होता. संस्था हिंदू रीतीनेच चालेल, याची त्यांनी काळजी घेतली. त्यामुळे पालकांनी मुली पाठवल्या. त्यासाठी त्यांना आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार न करण्याची किंमतही मोजावी लागली, स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाला. पालकांचा विश्वास आणि मुलींचे स्वातंत्र्य यांत एकाला थोडे कमी केल्याशिवाय दुसरे मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आजचे कोथरूड आणि कर्वेनगर या माळाभोवती वाढले. गंमत अशी की ही शाळा निघाली ती घर मुलींना शिकवत नव्हते म्हणून, आणि आज त्याच परिसरात घरी शिकवण्याचा विचार होतो तो शाळा मुलांना पुरेसे शिकवत नाही असे वाटते म्हणून. दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात.

घरी शिकवू पाहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला या इतिहासातून सरकारविरुद्ध आणि चर्चविरुद्ध दोन्ही युक्तिवाद मिळतील. ऑरेगनचा निकाल त्यांच्या बाजूने आहे, १९६५चा जाहीरनामा आहे, रमाबाईंची पत्रे आहेत. पण सदनातून काढून नेलेल्या मुलीही याच इतिहासात आहेत, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. आईवडिलांचा हक्क पहिला आहे म्हणून तो शेवटचा ठरत नाही. लक्ष्मीबाईंनी रमेला पहाटे उठवून जे दिले ते इतके मोठे होते, की त्याच्या बळावर ती मुलगी पुढे आईच्या देवांपासूनही दूर जाऊ शकली. घरातल्या शिक्षणाची याहून कडक परीक्षा नाही, आणि ती कोणत्याही मंडळाला घेता येत नाही.

मनोरमा पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, पदवीधर झाली आणि आईच्याच कामात तिने आयुष्य घातले. १९२१च्या जुलैमध्ये ती गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाई गेल्या. जिच्यासाठी दोन आया भांडल्या त्या मुलीचे स्वतःचे मत काय होते, हे सांगायला त्या भांडणाच्या पत्रांत तिला जागा नव्हती.